पाण्याची खबर

४ मार्च, मंगळवार

नाही म्हणाले. भरल्या सभेत, माझ्याकडे न बघता.

बोटमालक संघाची खोली बर्फाच्या कारखान्यावर आहे. खालून यंत्राची घरघर, त्यामुळे तिथे साधं 'बसा' सुद्धा ओरडून म्हणावं लागतं. मी टेबलावर सेन्सर ठेवला – करड्या रंगाची वीतभर नळी, दोन्ही टोकं निमुळती. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर लाटणं!" झालं. त्यानंतर मी जे काही बोलले ते सगळं हशात गेलं.

तरी नेटाने सांगितलं. हे जाळ्याला बांधायचं. जाळं खाली जाईल तसतसं ते पाण्याचं तापमान नोंदवेल. वर आलं की बोटीवरचा डबा ती नोंद आपोआप आमच्या सागरी अंदाज केंद्राकडे पाठवेल. तुम्हाला हाताचं बोटही हलवायला नको.

"आणि जाळं कुठे टाकलं ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेही येतं. जागा कळल्याशिवाय तापमानाचा उपयोग नाही."

"मग नाही."

संपलं. अध्यक्ष म्हणजे माझे थोरले दीर. घरात भावजी, धक्क्यावर अध्यक्ष. आज दोन्हीपैकी कोणीच माझ्या बाजूचं नव्हतं.

नवरा इंजिन दुरुस्तीवरून उशिरा आला, हात काळे. ऐकून म्हणाला, "चुकलीस. दादाचे निर्णय वहिनीच्या स्वयंपाकघरात होतात. सभेत फक्त वाचून दाखवतात."

५ मार्च

चिडचिड. लेकीवर उगाच ओरडले.

९ मार्च, रविवार

दुपारी वहिनींकडे जेवायला. लाटणं पिशवीत घालून नेलं होतं. वहिनींनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "फारच बारीक आहे गं, काही लाटलं जाणार नाही याने." मग ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सांग आता. त्यांना नको, मला सांग."

मी सांगितलं. आपल्या किनाऱ्यासमोर केंद्राचे तीन बोये – नांगरून ठेवलेली मोजणीची यंत्रं – तरंगतात. त्यातला एक जहाजाच्या धडकेत गेला तो गेलाच. म्हणजे एवढ्या मोठ्या पाण्याची नाडी आम्ही दोन ठिकाणी बघतो आणि बाकीचा अंदाज गणिताने बांधतो. आंधळी कोशिंबीरच. खोलातलं थंड पाणी वर आलं की त्याच्यावर धुकं धरतं, प्रवाह फिरतात. ते वर येतंय हे आम्हाला तेव्हा कळतं जेव्हा धुकं धक्क्यावर येऊन उभं राहतं. आणि रोज बोटी नेमक्या त्याच पाण्यात जाळी टाकून बसलेल्या असतात! त्यांनी नुसतं कळवलं तरी –

"झाकली मूठ सव्वा लाखाची," भावजी दारातून म्हणाले. ऐकत होते तर. "मासा कुठे आहे हे मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही. विचार तुझ्या नवऱ्याला."

"विचारलंय. तो म्हणतो, म्हणूनच मी इंजिनं दुरुस्त करतो."

वहिनी हसल्या. भावजी नाही. पण बसले.

चिमणी मधेच येऊन बसली. भावजींची धाकटी लेक, माझी पुतणी. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून चिमणी. आता ओलं जाळं एकटी ओढते आणि तिची स्वतःची छोटी बोट आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती म्हणाली, "काकू, जागा तुम्हाला कळली तर कळू दे. जगाला कळली नाही पाहिजे. असं करता येतं का?"

येतं. अचूक जागा फक्त गणिताला द्यायची. लोकांना दिसणाऱ्या नकाशावर मोठमोठे चौकोन दाखवायचे – इतके मोठे की त्यात गावच्या गाव मावेल.

भावजी माझ्याकडे वळले. "केंद्र सांगतंय का हे, की तू सांगतेस?"

"मी सांगतेय."

"मग तुझा शब्द."

दिला. साहेबांना अजून विचारलेलंच नाही.

१३ मार्च

साहेब केंद्राचे प्रमुख. शांत माणूस, वादळाची सूचना सुद्धा सुट्टीच्या अर्जासारखी वाचतात. सोमवारी चौकोनांचं सांगितल्यावर म्हणाले, "नियम असा आहे की आपल्याकडे येणारी माहिती सगळ्यांसाठी खुली."

"माहिती खुलीच राहील. जागा फक्त ढोबळ."

"आणि वरच्या कार्यालयाला काय सांगू?"

"हेच, की ढोबळ जागा द्या नाहीतर काहीच मिळणार नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं, आणि वर लिहून पाठवलं. आज, तीन दिवसांनी, होकार आला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही अर्थात.

२० मार्च

आज समुद्रावर. चिमणीच्या बोटीवर पहिलं लाटणं!

मी, चिमणी आणि तिचा खलाशी. हा म्हातारा भावजींच्या वडिलांच्या वेळेपासून आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. मामा कोणाशीच बोलत नाही, फक्त पाण्याशी पुटपुटतो. बंदराचा बांध ओलांडल्यावर मला उलटी झाली. समुद्राचा अभ्यास करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि पोटाला ते अजून कळलेलं नाही. चिमणी म्हणाली, "काकू, हे नोंदवलं का यंत्राने?"

जाळं खाली गेलं. आम्ही वाट पाहिली. वर आलं तेव्हा मासे फडफडत होते आणि त्यांच्यामधे ते लाटणं, ओलं, चकचकीत. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला. मी केंद्रात फोन लावला. तिथे आमचा गणिती बसलेला – अंदाजाचं गणित चालवणारा, माझ्याहून लहान, जेवणाचा डबा उघडायला विसरतो असा. म्हणाला, "थांबा... आलं. आलं मॅडम. खालचं पाणी आपण समजतो त्याच्यापेक्षा दोन अंशांनी थंड आहे."

दोन अंश. इतकी वर्षं आम्ही त्या जागी दोन अंश चुकत होतो, आणि वर आत्मविश्वासाने नकाशे रंगवत होतो.

डोळे भरून आले. वाऱ्यामुळे असेल असं चिमणीला सांगितलं. मामा पहिल्यांदाच माझ्याशी बोलला – "हं."

२ एप्रिल

निम्म्या बंदराकडे लाटणी आहेत आता. भावजींच्या दोन्ही बोटींवरसुद्धा. कोणी कोणाला काही बोललं नाही, नुसतं लागत गेलं. नवरा डबे बसवून देतो, इंजिनासोबत.

८ एप्रिल

काल आम्ही धुक्याची सूचना आदल्या संध्याकाळी दिली. आदल्या संध्याकाळी! एरवी आम्ही देतो तेव्हा लोक धुक्यात उभे राहून ती वाचत असतात. बोटी थांबल्या. सकाळी खिडकीतून समोरचं घर दिसेना आणि मी वेड्यासारखी आनंदात.

धक्क्यावरून जाताना एका मालकाने हाक मारली, "लाटणंवाल्या बाई!" आणि दोन मोठे मासे कागदात गुंडाळून हातात दिले. त्यानेच त्या दिवशी मागून 'लाटणं' म्हटलं होतं, मला आवाज ओळखू आला.

१४ एप्रिल

लिहायला हात होत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी चिमणीचा फोन. "काकू, आपल्याला मासा मिळतो त्या बुडालेल्या खडकावर बाहेरची मोठी ट्रॉलर उभी आहे. लांबच्या बंदराची. त्यांना कसं कळलं?" तिच्या आवाजात आरोप नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मी वरच्या कार्यालयाचं संकेतस्थळ उघडलं. परवाच नवं केलंय, फार देखणं. समुद्राच्या नकाशावर बारीक बारीक ठिपके. त्यातल्या एकावर बोट ठेवलं तर तारीख, वेळ, तापमान, आणि अचूक जागा. आमच्या एकेका बोटीने एकेका दिवशी जाळं कुठे टाकलं ते सगळं. चौकोन नाहीत. नवं संकेतस्थळ करणाऱ्यांना चौकोनांबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं.

वर फोन केला. ज्याने घेतला तो भला होता, पण म्हणाला, "हे पुढच्या सोमवारच्या बैठकीत घेऊ."

आज सोमवारच. म्हणजे अख्खा आठवडा.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "गंभीर आहे. मी पत्र लिहितो."

मी माझ्या जागेवर येऊन बसले. आमच्या केंद्रातून वर जाणारा प्रवाह माझ्या हातात आहे. तो तोडला तरी जुने ठिपके तिथे राहणार होते. ते काढायचे तर बोटींचा अख्खा साठाच मागे घ्यावा लागतो – म्हणजे आमच्या गणितालाही तो मिळणार नाही. ती परवानगी माझ्याकडे आहे, चूक झाल्यास वापरण्यासाठी. चूक झालीच होती.

गणिती माझ्या मागे येऊन उभा राहिला. "मॅडम, हे केलंत तर आपण परत आंधळे."

"माहीत आहे."

घेतला मागे. ठिपके एकेक करून विझले. कोणाला विचारलं नाही.

१५ एप्रिल

सकाळीच संघाच्या खोलीत गेले. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत आपण सांगावं म्हणून. सगळ्यांना सांगितलं – काय झालं, किती दिवस उघडं होतं, मी काय केलं. खालचं यंत्र नेमकं बंद होतं. ओरडावं लागलं नाही.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भावजी उठले, खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "शब्द केंद्राचा नव्हता. तुझा होता."

संध्याकाळी केंद्राच्या दारात मासळीची क्रेट. आत लाटणीच लाटणी. धुऊन पुसून ठेवलेली. ते धुऊन ठेवणंच मला सहन झालं नाही.

१७ एप्रिल

खुलासा मागणारं पत्र मिळालं. साहेबांनी ते स्वतः आणून दिलं, शिपायाकडे दिलं नाही.

"तू बरोबर केलंस हे मी कागदावर लिहिणार नाही," म्हणाले.

"आणि तोंडी?"

ते दारापर्यंत गेले. "तोंडी मी आत्ता तेच तर म्हणालो."

२६ एप्रिल

वहिनींचा फोन नाही. रविवारही गेला. शेवटी मीच गेले. भावजी घरात नव्हते, किंवा मला पाहून मागच्या दाराने गेले. वहिनींनी चहा टाकला. "ते तुझ्यावर रागावलेले नाहीत," म्हणाल्या. "सभेत सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं, माझ्या घरची आहे, फसवणार नाही. आता ते स्वतःवर चिडलेत. आणि त्यांना तेवढं एकच येत नाही."

चिमणी जाळं शिवत बसली होती. म्हणाली तिच्या बोटीवरचं लाटणं तिने काढलेलंच नाही, फक्त डबा बंद केलाय. "तुमचं होईल तेव्हा सांगा, मी बटण दाबते."

मला बरं वाटलं पाहिजे होतं. वाटलंही, थोडं.

६ मे

चिमणी हरवली आहे.

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फिरेल.

काल संध्याकाळी आम्ही अंदाज दिला – आकाश स्वच्छ, वारा हलका. सकाळी बोटी गेल्या. नऊच्या सुमाराला धुकं आलं, किनाऱ्याकडून नाही, समुद्राकडून, भिंतीसारखं. आम्हाला पत्ता नव्हता. थंड पाणी वर येत होतं आणि आम्ही दोन बोयांच्या भरवशावर बसलो होतो.

धुकं उतरल्यावर थोड्या वेळाने चिमणी वडिलांशी वायरलेसवर बोलली. जाळं पंख्यात अडकलंय, इंजिन बंद केलंय, मामा आणि मी सोडवतोय. जागा सांगितली. त्यानंतर काही नाही. भावजी हाका मारत राहिले.

दुपारी बचाव केंद्राचा आम्हाला फोन – बोट कुठे वाहून जाईल ते सांगा. धुक्यात विमानाला खाली काही दिसत नव्हतं, शोध घ्यायला दोनच नौका, आणि समुद्र केवढा! आमचं गणित म्हणालं दक्षिणेला, किनाऱ्याला धरून. नौका तिकडे निघाल्या. गणिती मात्र पडद्यासमोर नखं खात बसला. "मॅडम, एवढं धुकं म्हणजे थंड पाणी बरंच वर आलंय. तसं असेल तर त्याच्या कडेने प्रवाह बाहेरच्या बाजूला वळतो. खोल समुद्रात. पण मी हे कशाच्या जोरावर सांगू? माझ्याकडे काही नाही."

मी पळत संघाच्या खोलीत गेले. भावजी वायरलेससमोर, वहिनी त्यांच्या शेजारी, हात मांडीवर. त्या दिवसानंतर मी पहिल्यांदाच भावजींसमोर उभी होते. मनात शंभर वाक्यं होती. विचारलं एवढंच.

"भावजी, धुक्यात अडकलेल्या किती बोटी बाहेर आहेत?"

"बऱ्याच."

"त्यांना इंजिनं बंद करायला सांगा. नांगर नाही टाकायचा. नुसतं वाहू द्यायचं. आणि दर थोड्या वेळाने आपली जागा सांगायची. त्या जशा वाहतील तशी चिमणी वाहिली असणार."

त्यांना लगेच कळलं. मी काय मागते आहे तेही. वायरलेस उघडा असतो. जो कोणी ऐकेल त्याला प्रत्येक बोट आज कुठे जाळं टाकून बसली होती ते कळणार. बाहेरच्या ट्रॉलरसकट सगळ्यांना.

त्यांनी बटण दाबलं. आधी स्वतःच्या दोन्ही बोटींची नावं घेतली आणि त्यांच्या जागा सांगितल्या. आकडा आकडा सुटा करून, सावकाश. आजवर ज्या जागा सख्ख्या भावाला सांगितल्या नव्हत्या त्या. मग म्हणाले, "पोरगी वाहतेय. इंजिनं बंद करा आणि जागा सांगा."

थोडा वेळ नुसती खरखर. मग एक आवाज आला. मग दुसरा. मग थांबेचना. मी फोनवरून गणितीला आकडे सांगत होते, वहिनी माझ्यासाठी ते मोठ्याने परत म्हणत होत्या, एकही चुकल्या नाहीत. किनाऱ्याजवळच्या बोटी दक्षिणेलाच सरकत होत्या. गणित तिथे बरोबर होतं. पण खडकापलीकडे आमची एकही बोट नव्हती.

तेव्हा एक अनोळखी आवाज आला. जड, वेगळ्या वळणाचा. "आम्ही तुमच्या संघाचे नाही." लांबच्या बंदराची तीच ट्रॉलर. आमच्या चुकीने जिला आमचा खडक सापडला ती. "आम्ही खडकाच्या बाहेर आहोत. इंजिन बंद केलंय. जागा लिहून घ्या."

त्यांनी सांगितली. थोड्या वेळाने पुन्हा सांगितली. पुन्हा. ती ट्रॉलर बाहेर सरकत होती, पश्चिमेला, सरळ खोल समुद्रात, आणि भराभर.

गणितीचा फोनवर श्वास ऐकू आला. "सापडलं मॅडम. प्रवाह वळलाय. खडकापाशी तो दुभंगतो. चिमणीताईंनी जी जागा सांगितली ती दुभंगाच्या बाहेरच्या बाजूला आहे."

बचाव केंद्राला कळवलं. नौका फिरवल्या. पण तोवर अंधार पडत आला होता.

मी वहिनींजवळ आहे. रात्र काढायची आहे.

७ मे

सापडली. सापडली. दोघंही.

गणितीने रात्रभरात जो पट्टा काढून दिला त्याच्या जवळजवळ मधे. उजाडल्यावर भावजींची थोरली बोट तिथे पोहोचली. धुकं तसंच. खलाशी इंजिन बंद करून कान देऊन उभे राहिले आणि पातेलं बडवल्याचा आवाज आला.

त्या बोटीच्या वायरलेसवरून संघाच्या खोलीत पहिला आवाज आला तो चिमणीचाच. "बाबा, माझं जाळं कापावं लागलं."

भावजींनी बटण दाबलं. नुसतं दाबून धरलं. शेवटी वहिनींनी त्यांचा हात बाजूला करून म्हटलं, "ये घरी."

१० मे

चिमणीकडून आता सगळं कळलं. पंख्यातलं जाळं सोडवताना मामाचा हात दोरात सापडला, मनगटाचं हाड मोडलं. ती त्याला बांधत असताना मागून पाणी आत आलं आणि बॅटऱ्या भिजल्या. वायरलेस, फोन सगळं गार. रात्रभर मामा बोलत होता म्हणे. आयुष्यभराचं साठवलेलं सगळं एका रात्रीत. पहिल्या बायकोबद्दलसुद्धा. "काकू, मला भीती नाही वाटली. मला झोपूच दिलं नाही त्याने."

भावजी अंगणात बसले होते. मी शेजारी बसले. जे मनात होतं ते बोलले – बोटींचा साठा मी मागे घेतला नसता तर धुक्याची सूचना आदल्या संध्याकाळी गेली असती. ती निघालीच नसती.

त्यांनी दाण्यांचा डबा जवळ ओढला. मग म्हणाले, "आणि तू मागे घेतला नसतास, तर त्या दिवशी मी बटण दाबल्यावर एकानेही जागा सांगितली नसती. तुझ्यासाठी सांगितल्या त्यांनी. माझ्या पोरीसाठी निम्म्यांनीच सांगितल्या असत्या, मी अर्ध्या बंदराशी भांडलोय."

हसले. मीही. मग मला रडू आलं आणि ते घाईघाईने कोंबड्यांना दाणे टाकायला उठले.

१२ मे

लांबच्या बंदराची ट्रॉलर धक्क्याला लागली. तिचा कप्तान वाटेल तसा राक्षस वगैरे नाही, बुटका, सर्दी झालेला. भावजी त्याला घरी घेऊन गेले. जेवणानंतर दोघांनी खडक वाटून घेतला – कोणी कोणत्या महिन्यात जायचं ते. नवरा म्हणतो, "मला नाही कधी वाटणी मिळाली."

१८ मे, रविवार

संघाची सभा. मी साहेबांना बरोबर नेलं. त्यांनी संपूर्ण सभेसमोर सांगितलं की चूक आमच्याकडची होती, वरच्या कार्यालयाने मान्य केली आहे, माझं खुलाशाचं प्रकरण बंद झालं आहे, आणि आता चौकोनांशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. छान बोलले. यंत्राच्या आवाजामुळे ओरडून बोलावं लागलं, आणि ओरडल्यावर ते एकदम माणसात आल्यासारखे वाटले.

भावजी म्हणाले, "लाटणी परत लावू. सगळ्या बोटींवर. पण उलटं करायचं."

म्हणजे असं – बोटींची नोंद आधी संघाकडे येणार. संघाच्या खोलीत, संघाच्या यंत्रावर. जागा ढोबळ करायचं काम संघ करणार, आणि मग केंद्राला देणार. रोज, ताबडतोब, न चुकता. संकटात अचूक जागाही देणार, पण हात संघाचा राहील. ट्रॉलरच्या कप्तानानेही त्याच्या बंदराशी बोलून ठेवलंय, त्यांच्या बोटीही यात येतील म्हणतो. म्हणजे खडकाच्या बाहेरचं पाणीसुद्धा!

मी मनातल्या मनात नकाशा भरत होते. जिथे आम्ही नुसता निळा रंग फासतो तिथे ठिपकेच ठिपके.

साहेब विचारात पडले. "कल्पना चांगली आहे. पण रोजची नोंद तपासायची, खोटे आकडे काढून टाकायचे, यंत्र चालू ठेवायचं, हे सोपं नाही. तुमच्याकडे हे करणार कोण?"

कोणी छताकडे बघू लागलं, कोणी चपलांकडे. भावजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. अगदी मुद्दाम पाहिलं नाही.

१९ मे

नवऱ्याला सांगितलं. नटबोल्ट पुसत होता. "मग अडलंय कुठे?" एवढंच म्हणाला.

२१ मे

राजीनामा दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "संघाच्या खोलीत बसून पहिलं काम काय करणार?"

म्हटलं, "तुम्हाला पत्र लिहिणार. तुमच्या दोन बोयांची नोंद आम्हाला कधीपासून देताय?"